बन्सी गव्हाची मूठ

लिलावाचे दोन वार पुकारून झाले होते आणि मांडवात कोणीच बोलत नव्हतं.

माझ्या हातांत सूप होतं. सुपात अधोलीभर, म्हणजे अर्धी पायली, बन्सी गहू. निवडलेला, पाखडलेला, इतका नितळ की मार्चमधल्या त्या दुपारच्या उन्हात त्याचा रंग मधाकडे झुकला होता. एक चिमणी मांडवाच्या बांबूवरून मेजाच्या कडेशी उतरली, क्षणभर थबकली आणि एवढ्या माणसांच्या स्तब्धतेला भिऊन परत वर गेली. तिच्या पंखांची फडफड शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेली असावी.

"बन्सी गहू," मी पुन्हा म्हणालो. "दोन वार झाले."

तिसरा वार लगेच पुकारायचा की थांबायचं, हे ठरवण्याचा अधिकार लिलाव पुकारणाऱ्याचा. त्या वर्षी तो माझ्याकडे होता. मी पाळकसाहेबांचा मुलगा, बावीस वर्षांचा, नुकताच नगरच्या कॉलेजातून बी.ए. होऊन आलेला; यंदा हंगामाच्या सणाचा लिलाव नाथानने, म्हणजे मी, पुकारावा, असं पंचांनी एकमताने ठरवलं होतं. माझा आवाज चांगला होता.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत हंगामाचा सण म्हणजे वर्षातला सगळ्यांत हसरा दिवस. प्रत्येक घर आपल्या पहिल्या पिकातलं काहीतरी चर्चपुढच्या मांडवात आणायचं: अंडी, शेवग्याच्या शेंगा, गुळाची ढेप, एखादा कोंबडा. त्यांचा लिलाव व्हायचा, आणि घेणारा बहुधा ती वस्तू परत मेजावर ठेवायचा, म्हणजे ती पुन्हा विकली जावी. त्या दिवशी एकच लाल भोपळा पाच वेळा विकला गेला होता. एलीयाबापू शेलार म्हणाले होते, "या भोपळ्याचा एवढा फेरा झाला, आता याला बाप्तिस्मा देऊन टाका साहेब," आणि माझे वडीलसुद्धा तोंडाला रुमाल लावून हसले होते. बापू म्हणजे आमचे थोरले पंच. रस्त्याच्या खात्यात मुकादम होते, आणि माणसंही खडीसारखी एका रेषेत पसरावीत अशी त्यांची अपेक्षा असे.

गव्हाची मात्र आमच्याकडे वेगळी रीत होती. जो गहू घेईल त्याने त्यातली एक मूठ मेजावर ठेवायची. त्या मुठींचं पीठ करून उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशीच्या प्रभुभोजनाची भाकर भाजली जाई. आणि ज्या वस्तूवर तिन्ही वारांत बोली लागली नाही, ती देणाऱ्याने सगळ्यांसमोर पुढे येऊन आपल्या हातांनी परत न्यायची. या दुसऱ्या रितीची वेळ सहसा येत नसे. गेली दोन वर्षं ती आली होती, आणि दोन्ही वर्षी सूप हेच होतं.

ते करुणामावशीचं होतं.

ती मांडवात नव्हती. मांडवाबाहेर, चर्चच्या खालच्या पायरीवर, जिथे सगळे चपला काढत, तिथे बसली होती. तीन वर्षं तिची जागा तीच होती. कोणी तिला तिथे बस म्हणालं नव्हतं. आत बसू नकोस एवढंच म्हणाले होते. उंच, हाडं दिसणारी, पदर कानांच्या मागे घट्ट खोचलेली. गीत सुरू झालं की ती चपलांच्या त्या ढिगात उभी राहायची, प्रार्थनेला डोळे मिटायची, आणि शेवटी वडील आशीर्वादासाठी हात वर करत तेव्हा बाहेरच्या उन्हात मान लववायची. पावसात डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन यायची. एकही रविवार चुकला नव्हता.

तिची हकिकत सगळ्या गावाला पाठ होती. चौदा वर्षांपूर्वी तिने एकटीने बाप्तिस्मा घेतला, तोही लहानग्या मुलीला, तबिथाला, मांडीवर घेऊन. नवऱ्याने, रंगनाथ पाटोळ्याने, घेतला नाही. त्याने तिला मारलं नाही, सोडलंही नाही. फक्त वर्षानुवर्षं तिची थट्टा केली. रविवारी ती निघाली की ओट्यावरून तो विचारायचा, "काय गं, आज तरी तुझा देव जेवायला घालणार का?" कारण प्रभुभोजनाची भाकर तीच भाजायची, तिच्यासारखी बिनमिठाची, पापुद्रा न फाटणारी भाकर मंडळीत कोणाला जमत नसे. तबिथा सहाव्या वर्षी घटसर्पाने गेली, तेव्हा त्याची थट्टा थांबली. बाकी काही बदललं नाही.

मग रंगनाथ आजारी पडला आणि मरणाच्या दारात असताना त्याने तिच्या हातून प्रभुभोजनाची भाकर खाल्ली. बाप्तिस्मा नसलेल्या माणसाने, पाळक हजर नसताना. ही गोष्ट दोन्हीकडे एकाच दिवशी फुटली. दिरांनी म्हटलं, मरता मरता आमच्या भावाला बाटवला. तिला घराबाहेर काढून कुलूप लावलं. पंचांनी विचारलं, चर्चच्या कपाटातली, कुलपातली भाकर तुझ्या हाती आली कशी? ती म्हणाली, "भाकर म्या दिली त्यांना." दिलीस हे कळलं, पण तुला कोणी दिली? त्यावर ती काहीच बोलली नाही. कपाटाची किल्ली कुठल्या खिळ्याला असते हे तिला ठाऊक होतं. तेव्हा पंचांनी जे समजायचं ते समजून घेतलं.

निकाल असा झाला: तीन वर्षं प्रभुभोजनापासून दूर. तेवढ्या काळात तिने मंडळीपुढे भाकर देणाऱ्याचं नाव सांगावं, नाहीतर चोरी कबूल करावी. दोन्ही केलं नाही तर तिचं नाव मंडळीच्या यादीतून कमी व्हावं. ती तीन वर्षं त्या सणाच्या दिवशी संपत होती.

नाव कमी होण्याचा अर्थ तिच्यापुरता एकच होता, आणि तोही सगळ्यांना माहीत होता. ओढ्यापलीकडच्या आमच्या दफनभूमीत तबिथाचं थडगं होतं. दर महिन्याला ती तिथलं गवत खुरपायची. आणि थडग्याच्या डाव्या अंगाला तेवढीच, थोडी अधिक लांब, रिकामी जमीनही खुरपून ठेवायची. यादीत नाव नसलेल्या माणसाला तिथे जागा नव्हती.

"नाथान," बापू म्हणाले, "पुकार तिसरा. उगी ताटकळवू नको लोकांना."

मी वडिलांकडे पाहिलं. ते मेजामागच्या खुर्चीत पांढऱ्या झग्यात बसले होते आणि स्वतःच्या बोटांकडे पाहत होते. त्यांच्यासमोर बापूंनी आणलेला कागद होता. नाव कमी करण्याचा ठराव लिहून तयार होता. फक्त नावाची जागा कोरी होती. माणुसकीचा तेवढा अंश बापूंनी शिल्लक ठेवला होता.

"थोडं थांबतो," मी म्हणालो.

"कशाला? पाव काय वाईट लागतो का?" मागून कुणीतरी म्हणालं. तीन वर्षं प्रभुभोजनाला तालुक्याच्या बेकरीतला पाव यायचा. दोन-चार बायका हसल्या आणि लगेच थांबल्या.

बापू उठले. मेजाला वळसा घालून मांडवाच्या तोंडाशी गेले आणि पायरीकडे पाहून, दरडावणीत थोडी विनवणी मिसळत म्हणाले, "करुणाबाई, आज शेवटचा दिस हाय. आमी काय दगड न्हाई. एक नाव सांगा. भाकर कुणी दिली तेवढं सांगा, की मी सोता या गव्हावर बोली लावतो. तुमाला आत घेतो. कुणाच्या भ्यानं गप बसता?"

ती उठली. चपलांमधून पाय उचलत मांडवाच्या सावलीच्या रेषेपर्यंत आली आणि तिथेच थांबली. मला वाटलं, आता ती माझ्याकडे पाहील.

कारण भाकर तिला मी दिली होती.

त्या रविवारी सकाळी प्रभुभोजन झालं होतं. वडील दुपारच्या उपासनेसाठी दुसऱ्या गावी सायकलवरून गेले होते, मुक्कामी. मी एकोणीस वर्षांचा, सुट्टीला घरी आलेला. चर्च झाडून कुलूप लावायचं काम माझं होतं. ती धावत आली नव्हती, चालत आली होती, पण तिच्या चालण्यात धावणं होतं. म्हणाली, त्यांनी आज तोंड उघडलं. तीन दिवस पाणी घेतलं नाही, आणि आता म्हणतात, तुझ्या देवाची भाकर दे. साहेब कधी येतील? उद्या, मी म्हणालो. ती म्हणाली, उद्यापर्यंत राहत नाहीत ते. मग तिने मला जे विचारलं ते आजही शब्दन् शब्द आठवतं. "त्यांना बाप्तिस्मा न्हाई, नाथान. चालतं का रं? मी साहेबांच्या हुकमाबाहेर काही करणार न्हाई."

मला ठाऊक होतं की चालत नाही. पण कॉलेजात मी ज्या कविता वाचत होतो त्यांत नियम मोडणारी माणसं फार देखणी दिसत. मरणारा माणूस, ओट्यावरची थट्टा, शेवटचा घास: मला ते सगळं एका कवितेसारखं दिसलं, आणि त्यात मी स्वतः. मी कपाट उघडलं, पांढऱ्या फडक्यातला तुकडा तिच्या ओंजळीत ठेवला आणि म्हणालो, "पपांनी सांगून ठेवलंय. अशा वेळी द्यायला हरकत नाही."

तिने ती ओंजळ छातीशी धरली. चर्चच्या फाटकापर्यंत ती उलट्या पावलांनी गेली, मेजाकडे पाठ होऊ नये म्हणून.

पुढच्या आठवड्यात मी नगरला परतलो. महिन्याभराने वडिलांचं कार्ड आलं. चार ओळी. करुणाबाईंनी मेजावरची भाकर नेली असं पंच म्हणतात. माझं मन घेत नाही. त्या दिवशी कपाटाला कुलूप लावलं होतं का? नक्की आठवून लिही. मी उलट टपाली लिहिलं की परीक्षा जवळ आली आहे, प्रकृती बरी आहे, आणि कुलूप लावलं होतं.

तिला दोषी ठरवायला पंचांना माझं ते उत्तर पुरलं.

तीन वर्षं मी सुट्ट्यांना येत राहिलो आणि तिच्यासमोरून, पायरीवरून, आत जात राहिलो. ती माझं नाव घेत नव्हती. ती मला वाचवते आहे अशी माझी पक्की समजूत होती; तिची मुलगी गेली, आता मी तिला मुलासारखा, असं काहीसं मी रचून ठेवलं होतं. त्या समजुतीत लाज होती, पण तिला एक ऊबही होती. मी त्या उबेत राहत होतो.

मांडवाच्या तोंडाशी उभी राहून तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहत होती.

"बापू," ती म्हणाली, "भ्यायचं काय? माझ्याकडून आता कोण काय घिणार हाय? पर माझ्या तोंडून नाव निघणार न्हाई. निघालं तर ही समदी मंडळी इस्कटंल." मग तिचा आवाज खाली आला. "ज्यांनी सांगितलं त्यांच्या मनात आलं तर ते सांगतील. मी तीन वरसं वाट बघितली. अजून बघंन. पर त्यांना लाज आणायची न्हाई. त्यांच्याच तोंडून मी परभूचं नाव पहिल्यांदा ऐकलं."

माझ्या तोंडून नव्हे. तिने बाप्तिस्मा घेतला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो.

मी मागे वळलो. ती वडिलांकडे पाहत होती. तिच्या नजरेत राग नव्हता, आणि म्हणूनच ती सहन होईना. आजाऱ्याच्या उशाशी बसलेलं माणूस पाहतं तसं ती त्यांच्याकडे पाहत होती. वडिलांनी मान वर केली. त्यांना काहीच कळलं नव्हतं. त्यांनी एकदा मागे, भिंतीकडे पाहिलं. ती नजर आपल्यासाठी नसावी असं त्यांना वाटलं असेल.

"करुणाबाई," ते म्हणाले, "कोणी सांगितलं तुम्हाला?"

तिने डोळे मिटले. मला दिसलं की ती दुखावली. तीन वर्षं पायरीवर बसताना जे झालं नव्हतं ते या एका साध्या प्रश्नाने झालं. तिच्या हिशेबी त्यांनी तिला पुन्हा एकदा, सगळ्यांच्या देखत, नाकारलं होतं.

तेव्हा मला समजलं की मी त्या गोष्टीत कुठेच नव्हतो. ती ज्यांना सांभाळत होती ते माझे वडील होते. पंचांना भिऊन पाळकाने आपलाच हुकूम गिळला, असं ती तीन वर्षं धरून चालली होती; आणि तरी दर रविवारी येऊन त्याच पाळकाच्या उचललेल्या हातांखाली ती मान लववत होती.

"मी," मी म्हणालो.

पुढच्या रांगेलाही ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणालो. "भाकर मी दिली. कपाट मी उघडलं. आणि पपांनी सांगितलंय असं मी तिला खोटं सांगितलं. त्यांना काहीही माहीत नव्हतं."

सूप जड झालं होतं, पण ते खाली ठेवण्याचा अधिकार मला आहे असं वाटेना.

वडील उठले. ते माझ्याजवळ आले तेव्हा त्यांच्या झग्याला इस्त्रीचा आणि कापराचा वास येत होता. त्यांनी अगदी हळू, जणू ते कार्ड आत्ताच पुन्हा लिहीत असावेत तसं विचारलं, "कुलूप लावलं होतं का?"

"नाही, पपा."

त्यांनी मेजावरचा ठराव उचलला, दोनदा घडी केली आणि माझ्या सदऱ्याच्या खिशात ठेवला. "तुझ्याकडे असू दे. नावाची जागा कोरी आहे." बापूंनी हातातल्या लेखणीला टोपण लावलं.

मग वडील तिच्याकडे वळले. मी त्यांना मोठमोठ्या सभांत बोलताना ऐकलं होतं. असं अडखळताना कधीच नाही. "तीन वर्षं तुम्हाला वाटत होतं की मीच... आणि तरी तुम्ही येत होतात? माझा आशीर्वाद घेत होतात?"

तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत होतं. सुटका होती की त्याहून मोठा शीण, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

"आशीर्वाद तुमचा कुठं होता, साहेब," ती म्हणाली.

आणि त्या वाक्याने मांडवातलं कुलूप निघालं. "सव्वा रुपया," बापू घोगऱ्या आवाजात म्हणाले. कुणीतरी दोन म्हणालं. मघाशी पावावर बोलणाऱ्यानेच पाच म्हटलं. मग आवाजावर आवाज चढले. बायका पदराच्या गाठी सोडायला लागल्या, मागचे पुढे सरकले, त्या अधोलीभर गव्हावर सगळी मंडळी तुटून पडली. भोपळ्याच्या वेळी होता तसा तो आनंद नव्हता. प्रत्येकाला ते सूप लवकरात लवकर आपल्या घरी न्यायचं होतं, आणि प्रत्येकजण तिच्याकडे न पाहता बोली लावत होता. तिसरा वार अजून व्हायचा होता. रितीप्रमाणे तोवर गहू मेजाचा, म्हणजे लिलावाचा, होता. मी फक्त पुकारायचं होतं.

करुणामावशी सावलीची रेष ओलांडून आत आली. तीन वर्षांत पहिल्यांदा. ती जसजशी पुढे येत गेली तसतशा बोली एकेक करून गळत गेल्या, आणि ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिने हात पुढे केले. मी तिसरा वार न पुकारताच सूप दिलं. मला काहीतरी म्हणायचं होतं. "मावशी" एवढंच तोंडातून आलं. तिने माझ्याकडे पाहिलं, नुसतं पाहिलं, जसं आपण ओळखीच्या घराचं नवं दार पाहतो.

मग तिने सूप कमरेवर टेकवलं, उजव्या हाताने त्यातली एक मूठ भरली आणि मेजाच्या पांढऱ्या कापडावर अलगद सोडली. एक दाणा घरंगळत काठाशी गेला. तिने तो बोटाने परत ढिगात लोटला.

आणि ती वळली.

"करुणाबाई," वडील मागून म्हणाले. "गुरुवारची भाकर तुम्ही कराल का?"

ती पायरीपर्यंत गेली. ढिगातून आपल्या चपला तिने शोधल्या, पायांत घातल्या नाहीत, हातात घेतल्या. वडील एक पाऊल पुढे आले आणि त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी तिचं नाव न घेता. उन्हात तापलेल्या अंगणातून, कमरेवर सूप सावरत, ती ओढ्याच्या, तबिथाकडच्या वाटेने चालत गेली.